सोबत येणारी व्यक्ती

आधी चूक सांगतो, अनुभव नंतर. चूक वगळून नुसता अनुभव सांगितला तर ती भुताची गोष्ट होईल, आणि मला भुताची गोष्ट सांगायची नाही.

जळगावात डोळ्यांच्या एका धर्मादाय दवाखान्यात मी संगणक विभाग सांभाळतो. विभाग म्हणजे मी, एक सर्व्हर आणि उन्हाळ्यात अंगावर पाणी उडवणारा कूलर. पेशंटची दुबार नोंद होऊ नये म्हणून मी तिथे एक नियम लिहिला. त्या नियमानं वाट बघत बसलेल्या एका बाईला यादीतून पुसून टाकलं. तिचा एक डोळा त्यात गेला. ही पहिली चूक. दुसरी हिच्याहून लहान आहे, दोन मिनिटांची... पण मला जास्त तीच टोचते. ती तिच्या जागी सांगेन.

अशा अनुभवांवर माझा कधीच विश्वास नव्हता. आयुष्य डेटाबेसमध्ये गेलं. तिथे आपोआप काही घडत नाही. घडल्यासारखं वाटलं, तर कुणीतरी आधी काहीतरी लिहून ठेवलेलं असतं — हे वाक्य मी नव्या मुलांना कितीदा ऐकवलंय. आजही ऐकवतो, पण आता आवाज थोडा खाली येतो.

मी मूळचा धुळ्याचा. वय बावन्न. लग्न झालं नाही. का, ते लांबण आहे. आई गेल्यापासून धुळ्याचं घर कुलूपबंद असतं. रविवारी एसटीनं जातो, खिडक्या उघडतो, झाडू मारतो, खिडक्या लावतो आणि परत येतो. जळगावला एक खोली आहे आणि एक खानावळ. घरात आम्ही मायलेक अहिराणीच बोलायचो. ती गेल्यावर ती भाषा बोलायला माझ्याकडे माणूसच उरलं नाही. ऑफिसात सगळं शुद्ध — ‘आपली नोंद प्रलंबित आहे’, ‘कृपया थांबावे’.

आमचं काम असं चालतं. गावोगावी तपासणीची शिबिरं होतात. एरंडोल, पारोळा, यावल, कुठे कुठे. तिथे नाव नोंदलं की ती नोंद एकेक पायरी पुढे सरकते : तपासणी, रक्तातली साखर, ऑपरेशनची तारीख, न्यायला गाडी, ऑपरेशन, सुट्टी. मागची पायरी पूर्ण झाल्याशिवाय पुढची उघडत नाही. अडचण एकच होती. लोक एका शिबिरात नाव द्यायचे, महिन्याभरानं दुसऱ्या गावच्या शिबिरातही द्यायचे. एका माणसाला दोन तारखा मिळायच्या. गाडी जायची, माणूस म्हणायचा ‘माझं तर झालं’, आणि इकडे खाट रिकामी.

म्हणून मी दुबार शोधणारा नियम लिहिला. नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव, गाव, जन्मतारीख — हे पाचही रकाने जुळले तर नोंद दुबार. आधार कार्ड नाही म्हणून कुणाला परत पाठवायचं नाही, असं ट्रस्टचं धोरण होतं, त्यामुळे तो नंबर धरता येत नव्हता. मोबाइल बहुतेकदा शेजारच्या पोराचा.

सुरुवातीला मी मध्ये एक पायरी ठेवली होती. जुळलेल्या नोंदी ‘संशयित’ म्हणून बाजूला पडायच्या, कुणीतरी फोन करून खात्री करायची आणि मगच त्या एक व्हायच्या. ‘कुणीतरी’ म्हणजे मीच. ढीग साचायला लागला. व्यवस्थापक सर रोज विचारायचे, “संशयित किती राहिले?” एका दुपारी मी ती पायरीच काढून टाकली. पाच रकाने जुळले की नवी नोंद आपोआप जुन्या नोंदीला चिकटायची आणि तिथेच थांबायची. दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं, “शून्य.”

आता खान्देशातलं कुणी हे वाचत असेल तर त्याच्या लक्षात आलंच असेल. आमच्याकडे गावंच्या गावं पाटील. आणि जन्मतारीख? जुन्या माणसांना ती कुठे ठाऊक असते... शाळेत गुरुजींनी सगळ्यांची एक जून लावलेली. माझीही एक जूनच आहे! त्यात माझ्या फॉर्मवर तो रकाना सक्तीचा होता. शिबिरातली पोरं वय विचारायची, आजी म्हणायची, “लिही पासष्ट,” की त्यावरून वर्ष काढून पुढे एक जून ठोकून द्यायची. म्हणजे ज्या पाचव्या रकान्यावर मी माणसं एकसारखी ठरवत होतो, तो रकाना आम्हीच एकसारखा भरत होतो. हे मला कळत नव्हतं असं नाही. मला शून्य हवं होतं.

आमच्या गाडीचे ड्रायव्हर भास्करभाऊ तेव्हा चहाच्या टपरीवर म्हणाले होते, “साहेब, तुमच्या कॉम्प्युटरले एकदा आपल्याच दवाखान्यात दाखवा. दोन माणसं त्याले एक दिसतात — मोतीबिंदू असंल.” सगळे हसले. मीही हसलो.

हे झालं उन्हाळ्यात. अनुभव सुरू झाला दिवाळीनंतर.

एका सकाळी मशीन सुरू केलं तर ऑपरेशनच्या प्रतीक्षायादीत सर्वांत वर एक नाव : सुमनबाई धनराज पाटील. एरंडोल तालुक्यातलं, पद्मालयाच्या रस्त्याला फाटा फुटतो तिकडचं गाव. शेजारी जुनी नोंद दिसत होती — तेच नाव, तेच गाव, तीच तारीख, ऑपरेशन पूर्ण. नियमानं पकडायला हवी होती, पण सुटली. मी हातानं चिकटवून टाकली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच, पुन्हा सर्वांत वर.

वाटलं, शिबिराचा टॅब्लेट असेल. खेड्यात नेट नसतं, टॅब्लेट नोंदी साठवून ठेवतो आणि नंतर तीच ती नोंद पुन्हा पुन्हा पाठवत बसतो. असं होतं. कपाट उघडलं. सगळे टॅब्लेट आत, बॅटऱ्या उतरलेल्या. मग नोंद कुणी केली ते पाहिलं. आमच्याकडे त्या रकान्यात लॉगिन केलेल्या माणसाचं नाव आपोआप पडतं, तो मोकळा राहूच शकत नाही. तो मोकळा होता.

मला राग आला. भीती नाही, राग... कुणीतरी माझ्या सिस्टीमशी खेळतंय असं वाटलं. मी पासवर्ड बदलले, ती नोंद पुन्हा हातानं चिकटवली आणि थेट डेटाबेसलाच कुलूप घातलं. म्हणजे प्रोग्रॅम काहीही म्हणो, हे पाच रकाने सारखे असलेल्या दोन ओळी डेटाबेस स्वतःच आत घेणार नाही. स्वतः करून बघितलं. सुमनबाईंचं नाव पुन्हा टाकलं, त्यानं साफ नकार दिला. निर्धास्त होऊन खानावळीत जाऊन जेवलो.

सकाळी नाव होतं.

हे तांत्रिक आहे, पण थोडं सांगायलाच हवं. दोन सारख्या ओळी आधीच आत असतील, तर असं कुलूप नव्यानं घालताच येत नाही. डेटाबेस सांगतो, आधी दुबार काढा. मी कुलूप काढलं आणि त्या दोन ओळी समोर असताना पुन्हा घातलं. ते लागलं! एक अक्षर तक्रार नाही. मराठीत कधी कधी न दिसणारी चिन्हं अक्षरांमध्ये अडकतात, म्हणून तेही तपासलं. काही नव्हतं. माझ्या डोळ्यांना त्या दोन्ही ओळी हुबेहूब सारख्या दिसत होत्या, आणि यंत्राच्या लेखी ती दोन वेगळी माणसं होती.

भर दुपारची वेळ, बाहेर ओपीडीचा गलका. कुणाला सांगावं? ऑफिसात सांगण्यासारखं नव्हतं. घरी सांगायला घरी कुणी नव्हतं.

मग मी पहिल्यांदा ती नोंद वाचली. इतके दिवस पाच रकाने जुळतात का, एवढंच बघत होतो. फॉर्मवर पुढे आणखी एक रकाना असतो — ‘सोबत येणारी व्यक्ती’. ऑपरेशनला पेशंटबरोबर कुणीतरी लागतं, त्याचं नाव. तिथे लिहिलं होतं : सुमनबाई धनराज पाटील.

पेशंट सुमनबाई, आणि सोबतही सुमनबाई. आधी वाटलं, कचरा आहे. मग मोठ्यानं वाचलं, आणि वाटलं, हे वाक्य मी कुठेतरी ऐकलंय. कुठे, ते आठवेना.

नोंदीतल्या मोबाइलवर फोन लावला. संजय नावाच्या माणसानं उचलला. सुमनबाईंचा मुलगा. म्हणाला, “आई तर गेली साहेब. पोळ्याच्या आधी. ताप आला आणि दोन दिवसांत...”

मी म्हटलं, “मग ऑपरेशन राहिलंय असं कसं दिसतंय?”

“आईचं झालं होतं. राहिलंय ते सुमनमावशीचं. खालच्या गल्लीतली. तिच्या नवऱ्याचंही नाव धनराजच. अख्खं गाव वरली सुमन, खालली सुमन म्हणायचं. लग्न होऊन एकाच साली आल्या दोघी. आईच्या ऑपरेशनला मावशीच सोबत आलेली. मावशीच्या वेळी आई जाणार होती.” त्याचा आवाज जरा कडक झाला. “आईनं फोन केला होता तुमच्याकडे. कोणीतरी हसलं म्हणे तिच्यावर. परत फोन लावायला तयार नव्हती.”

ही माझी दुसरी चूक. आता आठवलं.

पावसाळ्याच्या तोंडावर तो फोन माझ्या टेबलावर आला होता. पलीकडून एक म्हातारी मोठ्यानं बोलत होती, “मी सुमनबाई धनराज पाटील बोलस. सुमनबाई धनराज पाटीलनं आपरेशन राहिनं.”

मी स्क्रीन बघून म्हणालो, “आजी, तुमचं ऑपरेशन झालेलं आहे.”

“हां, मनं झायं. सुमनबाईनं राहिनं.”

“तुम्ही कोण?”

“सुमनबाई. मी सोबत येनारी शे.”

मी फोनवर हात ठेवून शेजारच्या टेबलाला म्हणालो, “ऐका ऐका — आजी स्वतःच्याच सोबत येणार आहेत,” आणि फोन स्पीकरवर टाकला. तिनं सगळं पुन्हा सांगितलं. ऑफिसभर हसू झालं. ते तिला ऐकू गेलं असणार, कारण ती मध्येच थांबली. “हसा बेटा,” म्हणाली आणि फोन ठेवला. ती अहिराणी बोलत होती. माझ्या आईची भाषा. मला शब्द न् शब्द कळत होता : माझं झालं, सुमनबाईचं राहिलं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून एरंडोलची गाडी धरली. फाट्यावर उतरून चालत गेलो. खालच्या गल्लीत, दारापुढच्या ओट्यावर एक बाई कापसाची बोंडं चाचपून सोलत बसली होती. डोळ्यानं नाही, बोटांनी. पावलांचा आवाज आला तसं तोंड वर केलं, पण माझ्या थोडं बाजूला. “कोन शे?”

“जळगावहून आलोय, डोळ्यांच्या दवाखान्यातून.”

“मनं आपरेशन व्हई गयं ना?” ती म्हणाली. टोमणा नव्हता. खरंच विचारत होती.

मग हळूहळू सांगितलं तिनं. मुलगा सुरतेला कामाला, सून-नातवंडं तिकडेच. शिबिरात नाव दिलं होतं. गाडी यायच्या दिवशी दोघी सुमन नवी लुगडी नेसून फाट्यावर बसल्या. गाडी आली, बाकीची माणसं चढली, हिचं नाव यादीत नव्हतं. भास्करभाऊंनी ऑफिसला फोन करून विचारलं आणि सांगितलं, “मावशी, कॉम्प्युटर म्हणतोय तुमचं झालंय.” वरली सुमन भांडली. नंतर तिनंच मला फोन केला. मग ती गेली, आणि भांडायला कुणी राहिलं नाही.

“मी सांगू तरी कोनले? लोके म्हनेत, मशीन कसं खोटं बोली? मंग माले बी वाटाले लागनं... झायं व्हई. मीच भुली गऊ व्हसू.”

दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्या पांढऱ्या झालेल्या मला दिसत होत्या, आणि ती बाई स्वतःशी घोकत बसली होती की आपलं ऑपरेशन झालंय, आपल्यालाच आठवत नाही.

तिला पाणी मागून प्यायलो आणि म्हणालो, “मावशी, सिस्टीममध्ये चूक झाली होती. आता दुरुस्त झाली आहे.”

चूक झाली होती. मराठीत हे किती सोयीचं आहे बघा. चूक होते. पाऊस पडतो तशी. करणारा कुठे दिसतच नाही.

त्याच आठवड्यात तिला जळगावला आणलं. डॉक्टरांनी तपासून मला बाजूला घेतलं. डावा मोतीबिंदू फार पिकला होता, डोळ्यातला दाब वाढून नस सुकली होती. तो डोळा परत येणार नव्हता. उजवा आणखी थांबला असता तर तोही गेला असता. यादीत ते नाव रोज सकाळी वर आलं नसतं, तर मी कधीच गेलो नसतो, हे मी डॉक्टरांना सांगितलं नाही.

दाखल करताना ‘सोबत येणारी व्यक्ती’ हा रकाना समोर आला. सोबत तर मीच होतो. माझं नाव लिहायला बोटं ठेवली... आणि उचलली. ते नाव तसंच राहू दिलं.

त्यामुळे जेवणाची कुपनं दोन निघाली, पेशंटचं एक आणि सोबतीचं एक. दोन्हींवर एकच नाव. मी ती वाचून दाखवल्यावर मावशी हसली, जणू वरली सुमन आलीच. मी तिला पहिल्यांदाच हसताना पाहिलं. “उनी का ती! सांगं व्हतं तिनी, तुना आपरेशनले मी येसूच.” वाढणाऱ्या बाईला म्हणाली, “दोन्ही ताटं ठेव वं. ती जेवाना आधी मी जेवस का?”

दोन ताटं शेजारी शेजारी ठेवली गेली. तिनं दोन्ही ताटं बोटांनी चाचपली. मग माझ्याकडे तोंड करून म्हणाली, “तुना घरमा कोन शे रे, बेटा?”

“कोणी नाही.”

“मंग बठ. तिनं ताट शे, वाया नको जावाले. ती काई म्हनाव नही.”

मी बसलो आणि जेवलो. भाजी वांग्याची होती. कुणाच्या तरी शेजारी बसून जेवायला किती दिवसांनी मिळालं, कोण जाणे. आणि घास घास गिळताना कळत होतं की हे ताट त्या बाईचं आहे जिच्यावर मी हसलो होतो.

उजव्या डोळ्याची पट्टी निघाली. तिला समोरची खिडकी दिसली, मग मी दिसलो. “एवढा मोठा शेस का? आवाजवरथून पोऱ्या वाटे!” म्हणाली. डाव्या डोळ्याबद्दल डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा तिनं त्यावर हात ठेवला. मग म्हणाली, “मरो तो संगनक.” मी मान डोलावली. मान डोलावली मी! संगणकाला शिव्या बसू दिल्या.

तिच्या नोंदीवर ‘सुट्टी’ची शेवटची पायरी पूर्ण झाली. त्यानंतर ते नाव पुन्हा कधी वर आलं नाही. मी काढून टाकलेली संशयितांची पायरी परत बसवली आहे. आता यंत्र फक्त विचारतं, हे दोघे एकच आहेत का? उत्तर माणूस देतो, फोन करून. ढीग साचतो. सर विचारतात, मी खरा आकडा सांगतो. त्या उन्हाळ्यापासून आपोआप चिकटलेल्या सगळ्या नोंदी एकेक फोन करून तपासल्या. अशी दुसरी सुमन निघाली नाही, हे नशीब.

ती नोंद कुणी केली, याचं उत्तर माझ्याकडे नाही. सर्व्हरच्या सगळ्या लॉग फायली मी जपून ठेवल्या आहेत. पुण्याच्या एका जाणकार मित्राला दाखवल्या. तो म्हणाला, असं होऊ शकत नाही. मी म्हटलं, ते मलाही माहीत आहे. वाचणाऱ्या कुणाला काही सुचलं तर जरूर सांगा. मी हसणार नाही.

एक काम राहिलं होतं. ते गेल्या रविवारी केलं. धुळ्याला गेलो नाही, एरंडोलला उतरलो. मावशी ओट्यावर गहू निवडत होती, आता डोळ्यानं. मला लांबूनच ओळखलं. “ये रे, बठ,” म्हणाली. मी पाठ करून नेलेलं होतं — ‘आपली दिलगिरी’ वगैरे. तोंडातून निघेना. मग आईपाशी बोलायचो त्या भाषेत बोललो. इतक्या दिवसांनी शब्द अडखळत आले.

“मावशी, संगनकनी चूक नही. चूक मनी शे. नियम मी लिखा व्हता. वरली सुमनमावशीना फोन बी मीच उचला व्हता... अन् मीच हसनू. माले माफ कर. माफी तुनाजोडे बी मागस, अन् तिनाजोडे बी.”